पहिल्या कॅमेऱ्याची पारख



तुम्हांला सिनेमा आवडतो. फोटो काढायलाही आवडते. आज घरातल्या मोबाइलवर लहान मूलसुद्धा फोटो काढते. पण शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्या देशात सिनेमाचा कॅमेरा फारच थोड्या लोकांनी पाहिला होता. तो कोठे मिळतो, त्याला किती पैसे पडतात, तो कसा चालवतात, हे सांगणारा माणूस सहसा भेटत नसे. अशा काळात एका माणसाने आपल्यासाठी कॅमेरा निवडला. त्यासाठी त्याने कर्ज काढले आणि समुद्र ओलांडला. ती निवड चुकली असती, तर त्याचे घरदार उघड्यावर पडले असते. या माणसाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. लोक त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतात. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर या गावी झाला. त्यांचे वडील संस्कृतचे विद्वान होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना शिकवण्याचे काम मिळाले, म्हणून सारे कुटुंब मुंबईला आले. धुंडिराजला लहानपणापासून चित्रकलेची ओढ होती. १८८५ साली त्याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. नंतर तो थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात 'कलाभवन' नावाची मोठी संस्था सुरू झाली होती. तेथे चित्रे काढणे, मूर्ती घडवणे आणि फोटो काढणे, असे अनेक हुन्नर शिकायला मिळत. बडोद्यालाच त्यांनी आपला पहिला फोटोचा कॅमेरा विकत घेतला.

त्या काळचा कॅमेरा आजच्यासारखा खिशात मावणारा नव्हता. लाकडाची पेटी, पुढे भिंग, मध्ये भात्यासारखे घडीचे कापड आणि खाली तीन पायांचा स्टँड, असे त्याचे रूप असे. पेटीत काचेची पट्टी ठेवावी लागे. त्या पट्टीवर उजेडाचा परिणाम होणारे रसायन लावलेले असे. फोटो काढल्यावर पट्टी अंधाऱ्या खोलीत नेऊन रसायनात धुवावी लागे. खोलीत जरा उजेड शिरला, की सगळी मेहनत वाया जाई. फाळके नुसता खटका दाबून थांबले नाहीत. पट्टी धुणे, कागदावर फोटो उतरवणे, छपाईसाठी ठसे करणे, ही सारी कामे ते शिकले. तीन रंगांचे ठसे करण्याची विद्या शिकण्यासाठी कलाभवनचे प्राध्यापक गज्जर यांनी त्यांना रतलामला पाठवले.

पुढे फाळके यांनी गोध्रा या गावी फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. तेथे त्यांच्यावर मोठा घाला आला. प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. दुःख गिळून ते बडोद्याला परतले. तेथेही धंदा नीट चालेना, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, असा समज लोकांत पसरला होता. मग त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. एका परदेशी जादूगाराकडून जादूचे खेळ शिकले. आपल्या नावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने त्यांनी हे खेळ केले. १९०२ साली त्यांनी पुन्हा लग्न केले. त्यांच्या या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत त्यांचे काम फार मोठे आहे.

१९०३ साली फाळके यांना सरकारच्या पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि नकाशे काढणारा म्हणून नोकरी मिळाली. जुन्या इमारती, मूर्ती आणि शिलालेख यांची नोंद ठेवणे हे या खात्याचे काम. येथे फोटो सुंदर असून चालत नाही, तो अचूक असावा लागतो. तीन वर्षांनी स्वदेशीची चळवळ जोरात आली. फाळके यांनी सरकारी नोकरी सोडली आणि छापखाना काढला. १९०९ साली ते छपाईची यंत्रे पाहण्यासाठी जर्मनीला जाऊन आले. त्यांची छपाई नावाजली गेली, पण भागीदारांशी मतभेद झाले आणि छापखाना सुटला. वय चाळिशीचे, घरात मुलेबाळे आणि हाताला काम नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

१९११ साली मुंबईत गिरगावला त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूक सिनेमा पाहिला. मूक म्हणजे आवाज नसलेला. पडद्यावरची माणसे हालताना पाहून त्यांच्या मनात आले, की आपल्या देशातल्या कथा अशा पडद्यावर का येऊ नयेत? या विचाराने त्यांची झोप उडाली. ते रोज सिनेमा पाहू लागले. बाजारातून त्यांनी एक लहानसे यंत्र आणि फिल्मचे तुकडे आणले. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून ते भिंतीवर चित्रे पाडत आणि ती कशी हालतात याचा विचार करत. या जागरणाने डोळ्यांवर इतका ताण पडला, की त्यांची नजर जाण्याची वेळ आली. मुंबईच्या एका डॉक्टरांच्या उपचाराने आणि वेगवेगळ्या चष्म्यांच्या मदतीने ते पुन्हा पाहू लागले. दुसऱ्या कोणी हा नाद सोडला असता. फाळके यांनी सोडला नाही. तुमच्या उर्दूत 'ज़िद' म्हणजे हट्ट. मराठीत मात्र 'जिद्द' हा शब्द चांगल्या अर्थाने वापरतात. हाती घेतलेले काम संकटातही न सोडणे म्हणजे जिद्द.

आता प्रश्न कॅमेऱ्याचा होता. फोटोचा कॅमेरा त्यांना चांगला माहीत होता, पण सिनेमाचा कॅमेरा वेगळा. फोटोच्या कॅमेऱ्यात एका वेळी एक चित्र निघते. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्मची लांब पट्टी असते. मूकपटांच्या काळात हाताने दांडा फिरवून ती पट्टी पुढे सरकवत. साधारणपणे एका सेकंदात दांड्याचे दोन फेरे होत आणि सोळा चित्रे निघत. ही सोळा चित्रे म्हणजे एक फूट फिल्म. दांडा कधी जलद, कधी सावकाश फिरला, तर पडद्यावरची माणसे पळू लागत किंवा रेंगाळू लागत. म्हणून कॅमेरामनचा हात घड्याळासारखा चालावा लागे.

पत्रे पाठवून असा कॅमेरा मागवता आला असता, पण न पाहता वस्तू घेणे फाळके यांना पटले नाही. त्यांनी आपल्या आयुष्याच्या विम्याची कागदपत्रे गहाण ठेवून कर्ज काढले आणि १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' नावाचे सिनेमाविषयीचे साप्ताहिक निघत असे. फाळके त्याचे वर्गणीदार होते. एवढ्या ओळखीवर ते सरळ संपादक कॅबर्न यांना भेटले. कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यातले धोके सांगितले. पाहुणा मागे हटत नाही असे दिसल्यावर त्यांनी निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला वॉल्टन येथील स्टुडिओ त्यांना दाखवला. चित्रण कसे करतात, फिल्म कशी धुतात, तुकडे कसे जोडतात, हे सारे फाळके यांनी जवळून पाहिले.

पुढचा भाग नीट वाचा. कॅमेऱ्याच्या दुकानात गेलेल्या माणसाला चकचकीत वस्तूचा मोह होतो. फाळके आधी जाणत्या माणसांकडे गेले, मग काम पाहिले आणि शेवटी दुकानात गेले. दोघांच्या सल्ल्याने त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा निवडला. त्याची किंमत सुमारे पन्नास पौंड होती. तेव्हा एका पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे हा कॅमेरा साडेसातशे रुपयांचा झाला. त्या वेळी मुंबईच्या खानावळीतल्या स्वयंपाक्याला महिन्याला दहा रुपये मिळत असे सांगतात. या हिशेबाने तो कॅमेरा म्हणजे स्वयंपाक्याची सव्वासहा वर्षांची कमाई!

फाळके यांनी एकटा कॅमेरा घेतला नाही. कोडॅक कंपनीची कोरी फिल्म मागवली आणि त्याबरोबर फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही घेतले. त्या फिल्मच्या कडेला भोके नसत. ती आपणच पाडावी लागत. कॅमेऱ्यातला आकडा त्या भोकांत अडकून फिल्म पुढे ओढतो. भोके वाकडी पडली, तर पडद्यावरचे चित्र थरथरते. म्हणजे कॅमेरा कितीही चांगला असला, तरी या छोट्या यंत्रावाचून तो नुसती लाकडी पेटी ठरला असता. एखादी वस्तू घेताना तिच्याबरोबर आणखी काय लागेल, याचा विचार करणे यालाच पारख म्हणतात. तुम्ही उर्दूत 'परख' म्हणता, तोच हा शब्द.

एप्रिल १९१२ मध्ये फाळके मुंबईला परतले. कॅमेरा मागाहून आला. सोबतच्या आकृत्या पाहून त्यांनी तो स्वतः जोडला. पण लगेच मोठा सिनेमा काढायला घेतला नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडेथोडे चित्रण केले. ते पडद्यावर दाखवले तेव्हा पाहणारे चकित झाले. मातीतून कोंब वर येतो, पाने फुटतात आणि पाहता पाहता वेल वाढते! महिनाभराची वाढ काही क्षणांत दिसली. या लहानशा चित्रपटाने दोन कामे साधली. कॅमेरा नीट चालतो याची खात्री पटली आणि पैसे देणाऱ्या माणसांचा विश्वास बसला.

मग 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाची तयारी सुरू झाली. मुंबईत दादरला फाळके यांचे घर होते. तेच कार्यालय, तोच कारखाना आणि तीच अंधारखोली झाली. दिवसा उन्हात चित्रण चाले, कारण विजेचे मोठे दिवे नव्हते. सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड पाडत. साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करत. रात्री अंधारात बसून त्या फिल्मला भोके पाडत, रसायने कालवत आणि फिल्म धुवायला मदत करत. पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी आपले दागिने दिले. कॅमेरा चालवण्यासाठी फाळके यांनी त्र्यंबक तेलंग या मित्राला शिकवून तयार केले.

स्त्रीची भूमिका करायला कोणी बाई तयार होईना. शेवटी खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके राणी तारामती झाले. फाळके यांचा मुलगा भालचंद्र राजपुत्र झाला. रोज तालीम होऊ लागली. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत नाटक-सिनेमाच्या सरावाला तालीम म्हणतात. अर्थ थोडा बदलला, तरी शिकण्याचा भाव तोच आहे.

सुमारे सात महिन्यांच्या मेहनतीनंतर ३,७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. एका सेकंदाला एक फूट, असा हिशेब तुम्हीच करून पाहा. तासाभराचा खेळ होतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात तो लोकांसाठी दाखवला गेला आणि त्याला चांगली गर्दी झाली. ज्या निवडीसाठी विमा गहाण पडला होता, ती निवड खरी ठरली.

पुढे फाळके नाशिकला गेले. तेथे त्यांनी अनेक चित्रपट काढले. १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये साळुंके यांनीच राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये फाळके यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. १९३१ साली भारतात बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस सरले. फाळके यांनी १९३७ साली 'गंगावतरण' हा बोलपट केला. त्यानंतरचे दिवस हलाखीचे गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातला सर्वांत मोठा पुरस्कार देते. संगीतकार नौशाद, शायर मजरूह सुलतानपुरी आणि अभिनेते दिलीपकुमार यांना तो मिळाला आहे. ही नावे तुमच्या घरात सर्वांना माहीत असतील.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला फोटोग्राफीचा खरा शौक असेल आणि मोबाइल सोडून फिल्मच्या कॅमेऱ्यावर हात बसवायचा असेल, तर फाळके यांची पद्धत आजही उपयोगी पडेल. साध्या फिल्म कॅमेऱ्याच्या रोलवर छत्तीस फोटो निघतात. या फिल्मची रुंदी ३५ मिलिमीटर असते. फाळके यांच्या फिल्मची रुंदीही तेवढीच होती आणि कडेची भोकेही तशीच.

आधी काम ठरवा. समजा, तुम्हांला आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरचे फोटो काढायचे आहेत. वर्धा नदीच्या काठचे हे गाव फार जुने. प्राचीन विदर्भाची राजधानी म्हणून ते ओळखले जाते. कृष्णाची राणी रुक्मिणी हिचे माहेर ते हेच, असे लोक मानतात. येथल्या जुन्या टेकाडांत उत्खनन होऊन प्राचीन वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. येथून दरवर्षी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. आता विचार करा. नदीकाठी कडक ऊन, देवळात अंधार, पालखीसोबत चालणारी माणसे आणि टेकाडावर पडलेला खापराचा तुकडा. एकाच गावात किती प्रकारचा उजेड! म्हणून ज्यात उजेड आत सोडणारे छिद्र आणि खटक्याचा वेग या दोन्ही गोष्टी हाताने बदलता येतात, असा कॅमेरा शिकणाऱ्याने घ्यावा. कडक उन्हात १०० गतीच्या फिल्मसाठी छिद्र १६ वर आणि वेग सेकंदाच्या १२५ व्या भागावर ठेवला, की फोटो सहसा बरोबर येतो. देवळात जाल तेव्हा छिद्र मोठे करावे लागेल आणि वेग कमी. हे हाताने करता करताच उजेड समजू लागतो.

पेंटॅक्स के-१००० हा अशा कॅमेऱ्याचा चांगला नमुना. १९७६ ते १९९७ या काळात तो तयार होत असे. त्याचा खटका सेलशिवाय चालतो. सेल फक्त उजेड मोजायला लागतो. त्याच्यासोबत ५० मिलिमीटरचे एकच भिंग असले तरी वर्षभर शिकायला पुरे. असे कॅमेरे आता जुनेच विकत मिळतात, म्हणून पारख हवी. फिल्म नसताना मागचे झाकण उघडून खटका दाबा. वेग एक सेकंदावर ठेवला, तर आतला पडदा खरोखर तेवढा वेळ उघडा राहतो का, ते पाहा. भिंग उजेडाकडे धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी समजा आणि तो कॅमेरा परत द्या. झाकणाच्या कडेचा मऊ फोम चिकट झाला असेल, तर उजेड आत शिरून फिल्म खराब होईल. तो फोम बदलून घेता येतो. सेलच्या खणात हिरवट गंज आहे का, तेही बघा.

कॅमेऱ्याच्या किमतीबरोबर फिल्मचा, ती धुण्याचा आणि छपाईचा खर्चही आधी मांडा. फाळके यांनी भोके पाडण्याचे यंत्र आठवणीने घेतले होते, ते विसरू नका. फिल्म वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, उष्णतेने ती बिघडते. पहिल्या रोलवर लग्न किंवा जत्रा काढायला जाऊ नका. घरच्या कुंडीतल्या रोपासमोर बसा. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी त्याचे फोटो काढा. प्रत्येक फोटोचे छिद्र आणि वेग वहीत लिहा. रोल धुऊन आला, की वही आणि फोटो शेजारी ठेवून पाहा. कोणता फोटो काळा पडला, कोणता फिका झाला आणि का, हे तुम्हांला कळेल. वाटाण्याच्या वेलीने फाळके यांना हेच शिकवले होते.

स्वाध्याय

१. बडोद्याला फाळके फोटोग्राफीतली कोणकोणती कामे शिकले?
२. लंडनमध्ये कॅमेरा घेण्यापूर्वी फाळके कोणाला भेटले आणि त्यांनी काय पाहिले?
३. कॅमेऱ्याबरोबर भोके पाडण्याचे यंत्र का घ्यावे लागले?
४. 'राजा हरिश्चंद्र' तयार करताना सरस्वतीबाईंनी कोणती कामे केली?
५. जिद्द, तालीम, पारख या शब्दांचे मराठीतील व उर्दूतील अर्थ लिहा आणि प्रत्येक शब्दाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
६. तुमच्या गावातील एका जागेचे तीन वेळा फोटो काढायचे आहेत. कोणती जागा निवडाल? का? आठ-दहा ओळी लिहा.